आधी झिजलेली बोंडं

बिएला, १४ नोव्हेंबर १९५३

प्रिय ओरेस्ते,

आधी तक्रार, तीही रीतसर. गेला आठवडाभर मी चीज घातलेली मक्याच्या पिठाची पोलेंता थंडच खाते आहे. कापडाची लव उठवायची काटेरी बोंडं वाळवतात त्या खोलीतल्या शेगडीवर कामगारांनी डबे तापवू नयेत, कापडाला चीजचा वास लागतो, असा हुकूम गिरणीच्या भिंतीवर लागला आहे. खाली खात्याचा साहेब म्हणून माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची सही. सही सुरेख आहे. पोलेंता विटेसारखी लागते.

त्याच दिवशी तू आणखी एका कागदावर सही केलीस. सेकोंदिनाला कामावरून काढल्याच्या. कारण काय, तर नजर अधू, सहा तागे फाटले. अरे, कुठलं काटेरी बोंड किती झिजलंय हे त्या बाईला डोळे मिटून बोटांनी कळतं. ओल्या लोकरी कापडावर आधी झिजलेली बोंडं फिरवून लव हळूहळू उठवायची, टोकदार नवी अगदी शेवटी, हे मला तिनेच शिकवलं आणि माझ्यामागून तुलाही.

त्याआधीच्या मंगळवारी तू धावत आलास. "तोरिनोचं गिऱ्हाईक खोळंबलंय, चौकटीत थेट नवी बोंडं भरा." ती म्हणाली, "पोरा, कापड सोलून निघेल." तू म्हणालास, "पोरा नाही, साहेब म्हणायचं." ती म्हणाली, "बरं साहेब, सोलून निघेल." आम्ही सगळ्या हसलो. ते हसणं तुला झोंबलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कापड खरोखरच सोललं आणि मालकांनी विचारलं, नवी बोंडं कोणी भरली. तू तिच्याकडे बोट दाखवलंस. चौकटीचं दुसरं टोक धरून मी उभी होते. मी जमिनीकडे बघत राहिले. तुझा संताप येतो, पण माझा त्याहून जास्त येतो.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. पंधराव्या वर्षी तू नेमकी हीच चूक केली होतीस. कोणाच्या लक्षात आलं नाही असं तुला वाटलं. सेकोंदिनाने "माझ्या हातून झालं" म्हणून सांगितलं, आणि शिक्षा म्हणून तो सबंध हिवाळा लोकर धुवायच्या गार हौदात हात घालून काढला. पोराला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. आज ती मोडली. सकाळी मालकांना मंगळवारचं सगळं सांगितलं. सोमवारी ते तुला बोलावतील. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळायला नको, म्हणून हे पत्र. सेकोंदिना तिच्या चौकटीवर परत येते आहे. मी गप्प राहिल्याबद्दल मालक काही बोलले नाहीत. या हिवाळ्यात हौदावरचं काम मीच मागून घेतलं.

तुझीच,
देल्फिना