माहेरी गेली

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

ती. सौ. रुपालीवहिनीस,
रेश्माचा नमस्कार.

पत्र मुद्दाम अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतेय. घरी टाकलं असतं तर दादानं न फोडताच चुलीत घातलं असतं. फोनची वाट त्यानं ठेवलीच नाही, तुझ्या मोबाइलवरही माझा नंबर बंद आहे. पोरांना खिचडी वाटून झाली की निवांत वाच. चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि दोघीच असलो की 'तू'. आता दोघीच आहोत, म्हणून तूच म्हणते.

इकडे सगळं ठीक आहे. हे ट्रक घेऊन गुजरातला गेलेत, यायला अजून पाच-सहा दिवस. खोली वरच्या मजल्यावर आहे, पाणी चार दिवसांनी येतं. खाली निंगव्वा म्हणून अक्कलकोटकडची म्हातारी राहते. ती रोज जिन्याखालून ओरडते, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का. मी वरून "आयता, आयता" म्हणते, जेवले नसले तरी. कानडी मला तेवढंच येतं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढंच.

आईचे गुडघे कसे आहेत? शेळ्या किती झाल्या? बांडी व्याली का?

मला आठवा महिना लागलाय. तुला कुठून तरी कळलं असेल. नसेल तर आता कळलं. दवाखाना वेळेवर चालू आहे, काळजी नसावी.

वहिनी, ही शेवटची ओळ खोटी आहे. खोडत नाही, पण खोटी आहे. दोन महिने मी दवाखान्याचं तोंड पाहिलेलं नाही.

झालं असं. दर महिन्याच्या नऊ तारखेला पेठेतल्या दवाखान्यात आम्हा पोटुशींची तपासणी असते. बाकावर निम्म्या बायका नि निम्म्या त्यांच्या आया. कुणाची आई फाइल धरून, कुणाची आई डबा घेऊन. माझी पिशवी माझ्याच मांडीवर. डिसेंबरात आमच्या पेठेच्या आशा कार्यकर्त्या मथुराताई वही घेऊन आल्या नि सगळ्यांपुढं विचारलं, "रेश्मा, पहिलटकरीण तू. माहेरी कधी जाणार? न्यायला कोण येतंय?"

काय सांगायचं होतं मी? की दादानं ठरवलेलं स्थळ मोडून मनानं लग्न केलं म्हणून आई म्हणाली, "आजपासनं तुला म्हायेर न्हाय"? बाया टकमक बघत होत्या. मी म्हणाले, "दादा येणारय की! पुढच्या रविवारी गाडी घेऊन."

आणि तेवढ्यावर थांबले नाही बघ. आईनं डिंकाचे लाडू करून ठेवलेत म्हटलं. वहिनीनं माझ्यासाठी मागची खोली सारवली म्हटलं. एक बाई म्हणाली, "नशीबवान गं बाई." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! मथुराताईंनी कार्डावर माझ्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं, वहीत माझ्या नावापुढं 'माहेरी गेली' लिहिलं, नि म्हणाल्या, "आता तिकडच्या आशाला कार्ड दाखवायचं हं."

झालं. रविवार आला नि मला गायब व्हावं लागलं. खिडकी लावून बसते. भाजीला भर उन्हाचं जाते, पदर पार नाकापर्यंत. एकदा मथुराताई पोलिओच्या कामाला आमच्या बोळात आल्या, तर मी बादली पालथी घालून मोरीत बसून राहिले. हसशील तू. मीपण हसले, मग रडले. ह्यांना फोनवर सांगते, तपासणी झाली, बाळ छान आहे. ते बिचारे खरं धरून गाडी हाकतात. इथं मी गावाला गेलेली, गावाला मी मेलेली.

तुझा मला राग आहे वहिनी. आई बोलत होती तेव्हा तू दारात उभी होतीस, हातात परात होती. एक शब्द काढला नाहीस. मी सातवीत असल्यापासून तुझ्या कुशीत झोपलेली पोर मी. तुझाच राग सगळ्यात जास्त आला.

आता खरं विचारायचं ते विचारते. चार दिवस झाले, चप्पल पायात जात नाही. बांगड्या मनगटात रुतल्यात. डोकं ठणकतं, डोळ्यापुढं काजवे चमकतात. तुमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर पोटुशीच्या धोक्याच्या खुणांचा तक्ता आहे ना, त्यात असल्याच बाईचं चित्र होतं. तिच्या खाली काय लिहिलंय? मला आठवतंय काय लिहिलंय ते. तरी तू सांग.

दि. १२, बुधवार, दुपार

काल पत्र टाकलं नाही. सकाळी भाकरी थापायला बसले तर तवाच दिसेना. दोन मिनिटं सगळं पांढरं. लई भ्याले. बाळापायी भ्याले. मग पदर खांद्यावर टाकला नि भर रस्त्यानं मथुराताईंच्या घरी गेले.

त्यांनी दार उघडलं नि बघतच राहिल्या. "अगं, तू माहेरी ना?"

"न्हाय ताई. मला म्हायेर न्हाय."

मला वाटलं, शिव्या घालतील. घातल्याच. पण आधी पायाची सूज दाबून बघितली, बोट रुतून खड्डा पडला, तो भरेना. म्हणाल्या, "येडी का खुळी गं तू? माहेर नाही म्हणून मी काय दार लावून घेणार होते? लाजेपायी जीव घालवशील की दोघांचा!" तशाच रिक्षात घालून सरकारी मोठ्या दवाखान्यात आणलं. बीपी लई वाढलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत, मी स्वतः ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं सुरू करू, बीपी उतरलं नाही तर दोन-तीन दिवसांत बाळंतपण उरकावं लागेल. ह्यांना खरं सांगितलं. फोनवर रडले ते. निघालेत, पण गाडी लांब आहे.

भरतीच्या वेळी सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण? नाव सांगा, नातं सांगा." मथुराताईंना अजून चार घरं फिरायची होती, त्या माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडून आलं, "रुपाली कुमार गावडे. वहिनी."

"कुठायत?"

"येतायत."

सिस्टरनं लिहून घेतलं. दोन महिने लई खोटं बोलले, पण हे बोलताना जीभ अडली नाही. मथुराताई आता जाताना पत्र पेटीत टाकतील. अंगणवाडीचा फोन नंबर मिळतोय का तेही बघते म्हणाल्या, मिळाला तर पत्राआधीच तुला कळेल.

दादाला विचारू नको वहिनी. विचारलंस तर येणं होणार नाही. आईला सांगायचं का ते तू बघ.

इथं प्रत्येक खाटेशेजारी एक स्टूल आहे, सोबतच्या बाईसाठी. शेजारणीकडं आई नि मावशी दोघी आल्यात. मावशीनं मघाशी विचारलं, "हे रिकामंच आहे, घेऊ का?" मी दिलं नाही. म्हटलं, माझं माणूस येणार आहे.

तुझी नणंद,
रेश्मा
बाळंतपणाचा वॉर्ड, दारापासून तिसरी खाट