नॉव्हायच्या बेसमेंटमधला हळू बॉल

आई,

आज सकाळी मॅनेजरने ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. बेसबॉलमध्ये दार लागलं की पुढचं ऐकावं लागत नाही. टीमने मला पुन्हा एकदा काढलं. या वेळी मात्र त्याने खुर्ची पुढे करून विचारलं, इथल्या नव्या पिचरना बॉल टाकायला शिकवशील का? आणि दुपारी खालच्या लीगमधल्या एका टीमचा फोन आला, आमच्याकडे अजून एक सीझन खेळ म्हणून. संध्याकाळपर्यंत दोघांना सांगायचंय. बायको म्हणते, "तू ठरव यार, मी कुठेही येते." त्याने आणखीच पंचाईत झाली, म्हणून तुला लिहायला बसलो.

नॉव्हायला, आपल्या गावी, शाळेमागच्या मैदानावर माझी पहिली मॅच आठवते का? तू नागपूरला युनिव्हर्सिटीकडून क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग केलेली. कोपर वाकलं की नो बॉल, हे तुझ्या हाडात मुरलेलं. समोरच्या पिचरला पाहून तू थेट जाळीपाशी गेलीस आणि अंपायरला म्हणालीस, "सर, त्याचं कोपर वाकतंय. नो बॉल द्या." तो बिचारा म्हणाला, "मॅम, सगळ्यांचंच वाकतं." तुला हे इतकं लागलं की पुढे कितीतरी दिवस तू मला गॅरेजसमोर हात सरळ ठेवून बॉल टाकायला लावलंस. "आई, धिस इज नॉट क्रिकेट," मी कुरकुरायचो. बॉल शेजाऱ्यांच्या अंगणात जायचे आणि कोच कपाळाला हात लावायचा. पण खेळ समजून घेतल्यावर तूच बेसमेंटमध्ये हातात मिट, तो जाड चामडी हातमोजा, घालून माझ्यासमोर उकिडवी बसायला लागलीस. कारच्या टेस्टिंग लॅबमधून दमून यायचीस, ओढणी कमरेला खोचायचीस, "टाक" म्हणायचीस. बाहेर गुडघाभर बर्फ असायचा. तुझे गुडघे दुखायचे हे मला तेव्हा कळायचं नाही.

पहिल्यांदा टीमने काढलं तेव्हा मी घरी येऊन पांघरूण ओढून पडलो होतो. तू दारातून म्हणालीस, "टीमनं काढलं ना? मी नाही काढलं. ऊठ, ताट घे." त्या जेवणानंतर खाली नेऊन तू तुझा हळू बॉल दाखवलास. बॉल तळहातात खोल धरायचा, हात मात्र तितक्याच जोरात फिरवायचा. "हात तोच, बॉल उशिरा. बॅट आधीच फिरून जाते." मी हसलो होतो. पुढे खांद्याचा जोर गेला, आणि त्या एका बॉलवर मी पोट भरलं. टीम बदलल्या, गावं बदलली, भाड्याच्या घरातली गादी कधी आपली वाटली नाही. सगळ्यात वरच्या लीगमध्ये तर मी पाहुण्यासारखा जाऊन आलो. तू तिथे आलीस त्या दिवशी माझ्या बॉलना चांगलाच मार पडला. पार्किंगमध्ये मी मान खाली घालून उभा होतो. तू माझी टोपी सरळ केलीस आणि म्हणालीस, "शेवटचा बॉल छान पडला." माझ्या बाजूने इतकं कोणी बघितलं नाही, आई. मला जे मिळालं ते तुझ्यामुळे, हे तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं, पण आपल्या घरी असं बोलायची पद्धत कुठे होती.

लिहिता लिहिता ऊन उतरलं. मध्येच उठून दोन फोन केले. खेळायला बोलावणाऱ्यांना नको म्हटलं, मॅनेजरला हो म्हटलं. आता बायको हळूच येऊन पाठीवरून हात फिरवून गेली, तिला वाटतंय मी रडतोय. हा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकतो, तू गेलीस तिथवर टपाल जात नाही. पण एक सांगतो, हे तिलाही अजून सांगितलेलं नाही. नको म्हणून फोन ठेवला तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. आई, मला इतकं हलकं वाटलं.