रेड्याचं तोंड

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. काही झालेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर मीही बरा आहे. फोन केला असता, पण माझा उजवा कान जहाजावरच गेला आणि तू फोनवर नुसता हुं हुं करतोस. आपलं बोलणं म्हणजे दोन भिंतींच्या गप्पा. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडाने नीट निघणार नाही. कागदावर तरी निघतंय का बघतो. सातवीतून सुटलेला माणूस मी, चुका पोटात घाल. दाराला आतून कडी लावतोस ना? एकटा राहतोस म्हणून विचारलं.

रेडा निवृत्त होतोय हे मला पेपरातून कळलं. तुझा फोटो होता, जुनाच, केस असलेला. आमच्याच जहाजाच्या डेकवर, त्याच विमानासमोर तुझा सत्कार होणार म्हणे. तुला आठवतं, नोकरीला लागलास त्या वर्षी स्वयंपाकघराच्या फरशीवर आईची चप्पल आणि पाण्याचा पेला घेऊन तू आम्हाला विमान समजावलं होतंस? जहाज लहान, त्याची लिफ्ट त्याहून लहान, म्हणून विमान आखूड हवं. पंख खांद्यावर, म्हणजे खाली बॉम्ब टांगायला जागा. उभं करून ठेवताना ते वर दुमडायचे. हवा ओढणारं तोंड नाकाखाली, तिथून इंजिनापर्यंत सरळ नळी; वळण नाही, फुकटचं वजन नाही. चपलेच्या टोकाखाली तू पेला आडवा धरलास, तशी आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आ वासलेला रेडा!" मधला इतका हसला की त्याला ठसका लागला. आम्ही दोघांनी ते नाव जहाजावर नेलं आणि वर्षभरात पायलटसुद्धा तेच म्हणायला लागले. तुझ्या ऑफिसने ठेवलेलं नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही.

पहिल्या लढाईत रेड्याने नाव काढलं, हे मी कुणासमोरही सांगेन. एवढंसं जनावर, पण ओझं असं उचलायचं की मोठ्या विमानांनी माना खाली घालाव्यात. रेडे परत यायचे तेव्हा पंखांत डोकं आत जाईल एवढी भोकं असायची. एक तर अर्धी शेपटी गमावून आला, पायलटच्या मांडीचं मांस सीटला चिकटलेलं, तरी चाकं बरोबर टेकली. रेड्यांनी शत्रूच्या बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, मग गोदामं, मग गोदामांमागची वस्ती. पायलट सांगायचे, पेटलेली माणसं पाण्यात उड्या मारत होती आणि पाण्यावरही तेलच जळत होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मधल्याने सगळ्यांत जोरात. माझ्या भावाने बनवलंय, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

डेक म्हणजे कसाईखाना. उतरत्या विमानाला अडवणारा तारेचा दोर एकदा तुटला आणि झेंडेवाल्याचे दोन्ही पाय गुडघ्यातून घेऊन गेला. बिचारा आडवा पडूनही झेंडा वर धरून होता. पण दोर तुटताना कडाड आवाज तरी होतो. तुझ्या रेड्याच्या तोंडाचा वेगळा आवाजच नव्हता. मधला गलोलीवर होता, विमान आभाळात फेकणाऱ्या यंत्राला आम्ही गलोल म्हणायचो. विमान जोडायचं, वाकून बघायचं, बाजूला सरकायचं, हात वर करायचा. शेकडो वेळा केलेलं काम. त्या दिवशी इंजिन पूर्ण जोरात होतं आणि तो अर्धं पाऊल पुढून सरकला. आधी हेल्मेट गेलं. मग कुणी कॉलर धरून ओढावं तसा तो उचलला गेला. मी त्याचा बूट पकडला, दोन्ही हातांनी. बूट माझ्या हातात राहिला. इंजिनाचा सूर बदलला, मागून ठिणग्या आल्या, ठिणग्यांबरोबर लाल फवारा आला. पायलटने इंजिन बंद केलं आणि बसल्या जागी ओकला. आम्ही मधल्याला बादल्यांनी बाहेर काढलं, धाकट्या. आईला पेटी उघडू दिली नाही ती त्यासाठी. तू कधी विचारलं नाहीस, मीही ते उगाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवं इंजिन बसवलं आणि तोच रेडा उडाला. बॉम्ब मीच टांगले. लढाई कुणाच्या भावासाठी थांबत नाही. पुढे तोंडाभोवती लाल पट्टा रंगवला, डेकवर रेघ आखली, उभ्या विमानाला जाळी लावायला लागले. पण उडताना जाळी काढावीच लागते, आणि नेमका तेव्हाच माणूस जवळ असतो. मग तुम्ही जास्त ताकदीचं इंजिन दिलंत. ओझं वाढलं, तशी ओढही वाढली. दुसरी लढाई झाली, तिसरी झाली. शत्रूचे मेलेले पेपरात यायचे. रेड्याने गिळलेले आमचे येत नव्हते. तरी कॅन्टीनमध्ये कुणी तुझ्याविषयी वेडंवाकडं बोललं की मी अंगावर धावून जायचो. एकाचे दात पाडले, त्याची शिक्षा भोगली. माझा भाऊ खुनी नाही, त्याने पायलट घरी आणले, असं बोंबलायचो.

आता मधल्याच्या पोराचं. पोरगा कसला, कानशिलावरचे केस पिकले त्याचे. गोदीत वेल्डर आहे. रविवारी जेवायला आला तो तोच पेपर घेऊन. "रेड्याचा बाप" असा मथळा होता. त्याने मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "मोठे काका, हा रेड्याचा बाप. आणि माझा बाप रेड्याच्या पोटात." तुझी वहिनी म्हणाली, अरे, आधी जेव तरी, ताट गार होतंय. तो जेवला. पोटभर जेवला, हात धुतले, आणि पिशवीतून हातभर साखळी काढून टेबलावर ठेवली, विमानं डेकला बांधतात तसली. गेलेल्यांच्या घरच्यांना समारंभात पहिली रांग दिली आहे. "धाकटे काका पदक घ्यायला वाकले की," एवढंच बोलला. मी म्हटलं, मूर्खा, फासावर जाशील. म्हणाला, जाईन की. आरडाओरडा केला असता तर मी घाबरलो नसतो. पण त्याने साखळीला कापड गुंडाळलं होतं, खुळखुळू नये म्हणून.

पोलिसांत जा म्हणशील. मधल्याचं एकुलतं एक पोर मी कुणाच्या हातांनी आत टाकू? दादा, तू आहेस ना तिथे, असंही म्हणशील. तेवढ्यासाठीच हे पत्र. मला त्याच्या शेजारचीच खुर्ची आहे. रविवारपासून मी मनात ते घडवून बघतोय: तू वाकतोस, तो उठतो, साखळी वर जाते. हात लांब केला तर त्याचं मनगट माझ्या पकडीत येतं. आणि दर वेळी माझे हात मांडीवरच राहतात. म्हातारपणामुळे नव्हे. तेव्हा तापाचं, पोटाचं, काय वाटेल ते कारण सांग, पण येऊ नकोस. आणि यायचंच ठरवलंस, तर त्याला आवरायला मी बसलोय या भरवशावर येऊ नकोस.

तुझाच, आज हे लिहीपर्यंत तरी,
दादा