सेंटर फॉरवर्डचा करार

आबा,

तो करारनामा मी टाईप केला होता हे तुम्हाला माहीत होतं. सहीच्या आदल्या दिवशी आपल्या परसात मी तिला काय सांगितलं तेही तुम्हाला पुढं कळलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही नाही, आई नाही, माझेही केस पांढरे झाले. तरी लिहायला बसले की हात आखडतो, तुम्ही गोलपोस्टच्या मागं येऊन उभे राहिलात की आखडायचा तसा.

मैदानावर तुम्हाला आबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा तुमचा नियम. एकदा चुकून 'आबा' म्हणाले तर मला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन तुम्ही कुपवाडच्या सुताच्या कारखान्यात गेटवर लागलात, आणि मालकांना हॉकीचं वेड, म्हणून दोन वर्षांत त्यांच्या मुलींच्या टीमचे कोच झालात. मी गोलकीपर. दिवसभर ऑफिसात टायपिंग, पाच वाजल्यावर कारखान्यामागच्या मुरमाच्या मैदानावर. टीममधल्या आम्ही सगळ्याजणी कामावर हंगामी होतो. दर सहा महिन्यांनी आठवडाभर घरी बसवायचे आणि मग नव्यानं लावून घ्यायचे. मी अशी चार वर्षं काढली, आणि तुम्ही मालकांकडं माझ्यासाठी कधी शब्द टाकला नाही. "सोताच्या पोरीसाठी कसं मागायचं?" असं तुम्ही आईला म्हणालात ते मी आतून ऐकलं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटला होता.

मग ती आली. कोयनानगरच्या कॉलनीतली, वायरमनची मुलगी. साताऱ्याच्या शालेय स्पर्धेत तुम्ही तिला पाहिलंत आणि घरी आलात ते चपला न काढताच स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती. "अगं, लय वर्षांनी असली पोरगी बघितली," तुम्ही म्हणालात, "बॉल स्टिकला चिकटतो तिच्या. म्यागनेट हाय म्यागनेट." सतरा वर्षांची ती मुलगी पंधरा दिवसांत पत्र्याची पेटी घेऊन आपल्याकडं राहायला आली. मी तिला माझ्या खोलीत जागा दिली, माझ्या कपाटातला खालचा खण दिला. वाईट नव्हती हो ती. भांडी घासायची, आईच्या पायाला तेल लावायची, मला ताई म्हणायची. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

सकाळी तुम्ही स्वतः स्टोव्ह पेटवून अंडी उकडायचा. फौजेतली सवय, घड्याळ लावून. दोन अंडी सोलून, मीठ-मिरपूड लावून तिच्या ताटलीत. मी समोर चहा पीत बसलेली. एकदा आई म्हणाली, "आवं, हिला पण द्या की एखादं." तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "गोलकीपरला पळायचं कुठं असतंय?" तुम्ही गमतीनं म्हणाला होता. तिनं लाजून एक अंडं माझ्याकडं सरकवलं, आणि मी म्हणाले, मला वास सहन होत नाही. त्या दिवसापासून मी अंडं खाणंच सोडलं. आवडायचं मला, पण एकदा म्हणून बसले होते.

साताऱ्याची ती फायनल तर तुम्ही विसरला नसाल. शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या डाव्या पॅडखालून बॉल गेला. मॅच संपल्यावर सगळ्यांसमोर तुम्ही विचारलंत, "गोलात हुबी हुतीस का लग्नाच्या मांडवात?" मुली हसल्या. मीही हसले. त्याच मॅचमध्ये तिनं पेनल्टी स्ट्रोक बाहेर मारला होता, तो आत गेला असता तर आपण हरलोच नसतो. ती बाकावर बसून रडत होती आणि तुम्ही तुमचा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून शेजारी बसून राहिलात. काही बोलला नाहीत. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून एवढाच विचार करत होते, की मला रागावताना तुम्हाला शब्द सापडतात, आणि तिच्याजवळ गप्प बसता येतं.

दोन वर्षांत तिचं नाव पेपरात यायला लागलं. महाराष्ट्राच्या टीममध्ये गेली, तिथं गोल केले. मुंबईच्या एका बँकेच्या टीमचा माणूस तिचा खेळ बघायला दोनदा सांगलीला येऊन गेला. मालकांच्या कानावर ते गेल्याबरोबर त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं, आणि टिपणं घ्यायला मला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसले.

"हवालदार, पोरीला आपण घडवलं," मालक म्हणाले. "आता ती पाच वर्षं इथंच खेळेल, असं कागदावर आणायचं. हंगामी म्हणून आहे तशी राहू दे, वर महिन्याला काहीतरी देऊ."

तुम्ही उभेच होता. टोपी हातात. मला वाटलं, नेहमीसारखं 'जी साहेब' म्हणाल. तुम्ही म्हणालात, "पाच न्हाई मालक, तीन. आन् नोकरी कायम पायजे."

"कायम? एकोणीस वर्षांच्या पोरीला?"

"उद्या गुडघा गेला तर तिनं काय करायचं? कोयनेला जाऊन खांबावर चढायचं? कायम करा, तर म्या तिच्या बापाला सांगतो."

माझी पेन्सिल थांबली. मालकांनी विचारलं, "घेतलंस ना लिहून?" मी हो म्हटलं. घेतलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला मागता येत नाही. तुम्हाला मागता येत होतं आबा, चांगलं येत होतं.

तीन बैठका झाल्या. मालक रागावले, हसले, चहा मागवला, घड्याळ बघितलं. तुम्ही दर वेळी तेच बोललात, त्याच आवाजात. शेवटी ते कबूल झाले. तीन वर्षं, कायम नोकरी, राहणं आपल्याकडंच. त्या बदल्यात तीन वर्षं तिनं दुसरीकडं कुठंही खेळायचं नाही, कुणी कितीही मोठा आला तरी. त्या शेवटच्या अटीला तुम्ही फारसे अडला नाहीत. तुम्हालाही ती इथंच हवी होती. घरी येताना सायकलवर तुम्ही शीळ घालत होता. सोमवारी सही ठरली. मी शनिवारी करार टाईप केला, दोन प्रती, मध्ये कार्बन घालून. 'कायमस्वरूपी' हा शब्द टाईप करताना दोनदा चुकले.

रविवारी दुपारी तुम्ही एसटीडी बूथवर गेला होता, तिच्या वडिलांना उद्या वेळेवर या म्हणून सांगायला. मी परसात बसून दाभणानं पॅडचा पट्टा शिवत होते. ती बूट धुऊन उन्हात ठेवत होती. ती म्हणाली, "ताई, करू का सही? सर म्हंतात कर. मला त्यातलं काय कळतंय?"

इथून पुढचं अर्धं तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "अशी करू नकोस. आधी दोन गोष्टी माग. इंडियाच्या कॅम्पला बोलावलं तर भरपगारी रजा. आणि मोठ्या टीमनं बोलावलं तर तुला सोडलं पाहिजे. दोन्ही लेखी माग. मालकांना तोंडावर सांग. आबांना आधी विचारू नकोस, ते भिडेखातर गप्प बसवतील."

"लेखी?" ती म्हणाली.

"व्हय, लेखी," मी म्हणाले.

आता उरलेलं. मी ऑफिसात होते आबा, मला मालक माहीत होते. महिन्याभरापूर्वी एका फिटरनं त्यांच्याकडं ओव्हरटाईमचं लेखी द्या म्हटलं होतं, आणि दुपारच्या आत त्याला गेटबाहेर काढलं होतं. 'लेखी' हा शब्द त्यांच्यासमोर काढला की माणूस संपला, हे मला ठाऊक होतं. मला ती संपायला हवी होती. ती पेटी उचलून कोयनेच्या गाडीत बसलेली मला दिसत होती. घाटाची वळणं लागून तिला मळमळायचं, तेसुद्धा दिसत होतं. माझ्या कपाटातला खालचा खण रिकामा दिसत होता. पॅडचा पट्टा त्या दिवशी मी इतका घट्ट शिवला की पुढं बकल लागेना.

सोमवारी केबिनमध्ये तिचे वडील धुवट पांढऱ्या शर्टात खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मालकांनी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. हात मागं बांधून, शाळेत कविता म्हणावी तसं तिनं सगळं सांगितलं, कॅम्पची रजा, सोडण्याची अट, आणि शेवटी, "लेखी पायजे."

"कुणी शिकवलं हे?" मालकांनी विचारलं.

मी वहीत बघत होते. ती म्हणाली, "कुणी न्हाई. मलाच वाटलं."

"हवालदार, ही तुमची शिस्त?"

मला वाटलं, आता तुम्ही तिच्यावर गरजाल, मला मांडवाचं म्हणालात तसं काहीतरी तिलाही म्हणाल. मी वाट बघत होते आबा. तुम्ही टोपी डोक्यावर घातलीत आणि म्हणालात, "बरोबर बोलतीया पोरगी. हे मलाच सुचायला पायजे हुतं. म्या माझ्या टीमचं बघितलं, तिचं न्हाई बघितलं."

मालकांनी दोन्ही प्रती फाडल्या. मी दोनदा खोडून टाईप केलेला तो शब्द टोपलीत गेला. पण पुढं माझ्या हिशेबातलं काहीच झालं नाही. ती कुठल्याच कागदात अडकलेली नव्हती, म्हणून बँकेच्या माणसानं तिला महिन्याच्या आत मुंबईला नेलं, तेही कायम नोकरीवर. सांगली स्टेशनवर तुम्ही तिची पेटी उचलून आत ठेवलीत. तिनं माझ्या गळ्यात पडून कानात सांगितलं, "ताई, तुमचं नाव मी काढलं नाही." गाडी हलली तेव्हा मला हलकं वाटलं, आणि संध्याकाळी मैदानावर गेले तर तुम्ही सेंटर फॉरवर्डच्या जागेकडं बघत नुसते उभे होता.

मालकांचं वेड त्या वर्षातच उतरलं. टीम बंद झाली. मैदानावर सुताच्या गाठी ठेवायला शेड उठली आणि तुम्ही पुन्हा गेटवर गेलात, खाकीत. रोज सकाळी ऑफिसात जाताना मी तुमच्यासमोरून आत जायचे. तुम्ही माझी पिशवी इतरांसारखीच तपासायचा, नियम म्हणून. मला तेव्हा सांगता आलं असतं. तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तुम्ही पडला होता, आणि तरी माझ्या मनात पहिला विचार यायचा तो हाच, की आता तरी सकाळी अंडी उकडणं बंद झालं.

ती इंडियाकडून खेळली. त्या दिवाळीत निळा ब्लेझर घालून आपल्याकडं आली, तुमच्या पाया पडली आणि ब्लेझर काढून तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही त्यावरच्या चिन्हावरून बोट फिरवत बसलात. तेव्हा तिनं सांगून टाकलं. "सर, त्या दिवशी मालकांना म्या जे बोलले ते ताईंनी शिकवलं हुतं. सुचलं नव्हतं मला. त्यांच्यामुळं मी इथवर आले." मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. असं तुम्ही माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी कप खाली ठेवले आणि साखर आणते म्हणून आत गेले. साखर कपात होती.

तुम्ही मागोमाग स्वयंपाकघरात आलात. शेजारची पिठाची गिरणी चालू होती. तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावून म्हणालात, "पोरी, तुझी टीम जाणार हे ठाऊक असून तू तिला मोकळी केलीस. माझ्यापरास मोठ्या मनाची निघालीस तू."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तसं नव्हतं आबा, मला तिला घालवायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पुढं दोन वर्षं तुम्ही होता, तेव्हाही जमलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी ती मुंबईहून आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली, तेव्हा मला तिचा पुन्हा राग आला. अजूनही टीव्हीवर कुणी तिला कॉमेंट्रीला बोलावलं की मी आवाज बारीक करते आणि चित्र मात्र बघत राहते.

हे कागद टपालात टाकण्यासारखे नाहीत. कपाटात खालच्या खणात ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघरात तुम्ही ते म्हणालात तेव्हा मी विचारलं होतं, "काय म्हणालात?" तुम्हाला वाटलं, गिरणीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. म्हणून तुम्ही जवळ आलात आणि तेच सगळं पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणालात.

मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.