बाभळीचे तीन ठोकळे

पुणे,
१२ ऑक्टोबर १९९७

चि. धम्मपाल यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे कार्ड पोचले. मी घेतलेली गाडी सरनाईकांच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या गोदामातून तुझ्या उद्यमनगरच्या शेडमध्ये सुखरूप आली, हे वाचून बरे वाटले. मात्र कार्डात तू तिला डबडं म्हटले आहेस. ती १९५१ सालची एम. जी. टी. डी. आहे. तो शब्द पुन्हा नको.

कामाचा नियम एकच: कारखान्यातून निघताना जे गाडीवर नव्हते, ते गाडीवर राहणार नाही. रंग हस्तिदंतीच. चाके पत्र्याचीच; एखादा मिस्त्री तारांच्या चाकांचा आग्रह धरील, त्याला सांग की ती आधीच्या मॉडेलला होती. आतला सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. सागवान कितीही चांगले असले तरी चालणार नाही.

मी इतका हटून का बसलो आहे, ते तुला ठाऊक नसणार, कारण तुझा जन्म पुढचा. डिसेंबर १९५४ मध्ये वाघबीळपासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत मोटारींची चढाची शर्यत झाली. मी आठ वर्षांचा. आबा तेव्हा सरनाईकांच्या गाड्या धूत आणि दुरुस्त करीत. त्यांनी मला तिसऱ्या वळणाच्या कठड्यावर बसवले, येतोच म्हणाले, आणि आले नाहीत. गोदामाच्या दिवाणजींनी चारचौघांत मला सांगितले की तुझा बा ढेपांवर पिऊन पडलाय. संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा त्यांचे डोळे लालभडक होते. मला तेवढे पुरले.

पण त्याच दिवशी जयवंतराव सरनाईक ही गाडी घेऊन माझ्यापासून दोन हातांवरून गेले. चामड्याची टोपी, गॉगल, नाकापर्यंत मफलर. पाच मिनिटे अठरा सेकंद. त्याहून लवकर तो चढ कोणी चढले नाही. मोटारींच्या विद्येकडे मी वळलो तो त्या क्षणी. दोष एकच घडला: ऐन वळणात त्यांनी एक हात चाकावरून उचलला. अर्धा सेकंद तिथे वाया गेला. सव्वीस वर्षे मी वर्गात हे उदाहरण देत आलो आहे.

आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहे, तो तुझ्या कामात उतरलेला दिसावा.

तुझा,
आकाराम

*

कोल्हापूर,
३ डिसेंबर १९९७

ति. दादा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळाले. यापुढे गाडीला बाईसाहेब म्हणेन.

तुम्ही सांगितलेल्या लाकडासाठी सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. शेवटी कळले की क्रिकेटचे चांगले स्टंप त्याच लाकडाचे असतात. खेळाच्या दुकानात गेलो आणि आहेत तेवढे सगळे द्या म्हणालो, तर दुकानदार म्हणतो, पावणं, किती संघ काढताय? एवढ्याशा लाकडात सांगाडा होत नाही, तेव्हा तुम्हीच मुंबईहून मागवा.

एक गोष्ट विचारायची आहे. तिन्ही पॅडलांवर बाभळीचे ठोकळे बसवलेले आहेत. क्लच आणि ब्रेकवरचे दोन इंच जाड, सव्वातीन लांब, अडीच रुंद. ॲक्सिलरेटरवरचा दीड इंच जाड. पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळले आहेत, वर सायकलची ट्यूब चिकटवली आहे. कडा इतक्या हलक्या हाताने घासल्या आहेत की अनवाणी पायाला टोचू नयेत. सरनाईक तर सहा फुटी माणूस. त्यांना पॅडल जवळ आणून काय करायचे होते? मला काढवत नाहीत. ठेवू का?

आई कोडोलीलाच आहे. तिला मी गाडीचे सांगितले. तर म्हणाली, आकारामनं ती कशापायी घेतली? तुमच्या शाळेतल्या पोरांना नापास करायचे कमी करा आणि दिवाळीला नाही तर निदान उन्हाळ्यात या. लोभाला गंज चढू देऊ नये, एवढे मिस्त्री या नात्याने सुचवतो.

आपला,
धम्मपाल

*

पुणे,
१५ डिसेंबर १९९७

चि. धम्मपाल यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मी शाळेत नव्हे, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. लाकूड मागवले आहे.

मापे तू नीट घेतोस. त्यांवरून निष्कर्ष काढण्याचे काम माझ्यावर सोड. गाडी पुढे कोणा बुटक्या ड्रायव्हरच्या हाती गेली असेल आणि त्याने हा गावठी उद्योग केला असेल. ज्याला पॅडलवर लाकूड बांधावे लागते, त्याने त्या गाडीत बसायलाच नको होते. ठोकळे काढून टाक. फोटो, आठवण, काही ठेवू नकोस. एक सवलत दिली की दहा मागितल्या जातात.

आईला माझा नमस्कार सांग. उन्हाळ्यात परीक्षा असतात. लोभ करतोस तसाच शिस्तीवरही कर.

तुझा,
आकाराम

*

कोल्हापूर,
९ मे १९९९

ति. दादा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गाडी पुरी झाली. तुम्ही चार वेळा परत करायला लावलेले डावे दारसुद्धा आता बोटाने लागते. यायला तुम्हांला जमले नाही, म्हणून गेल्या रविवारी आईला कोडोलीहून आणून दाखवली.

ती गाडीभोवती एकदा फिरली. मला दार उघडायला लावले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि पाय ठेवायच्या जागेत बघत राहिली. म्हणाली, तुझ्या आबाची लाकडं कुठं हाईत? कसली लाकडं, म्हणालो. तर म्हणाली, पायाखालची. त्याचा पाय पोचत न्हवता, म्हणून त्यानं तासली आणि म्या काचंच्या तुकड्यानं कडा घासून दिल्या. म्या घासलेलं म्या वळखीन की.

मग तिने सांगितले ते असे. शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावात सरनाईकांची गाडी दरीच्या काठाला जाऊन थांबली आणि त्यांचा धीर गेला. कप मात्र हवा होता. नियम होता की मालकानेच गाडी चालवायची. गाडीची नाडी ठाऊक असलेला माणूस एकच होता. वाघबीळला झाडीत त्यांनी आपली टोपी, गॉगल, मफलर आबांना चढवले आणि स्वतः ट्रकने वर जाऊन नाक्यापलीकडच्या वळणाआड उभे राहिले. आबा रेघ ओलांडून तिथवर गेले. तिथे टोपी परत गेली, आणि सरनाईक गाडी घेऊन कप घ्यायला आले. आबा शर्यतीला कुठे दिसले नाहीत, याला कारण लागणारच होते. ढेपांवरचे वाक्य दिवाणजींना सरनाईकांनीच पढवलेले. गॉगलची एक काच फुटकी होती. डोळे लाल झाले ते धुळीने. त्या दिवसानंतर सरनाईकांनी ती गाडी गोदामात लावली ती लावलीच. बुटका ड्रायव्हर कोणी आला नाही, दादा. होता तो एकच.

ठोकळे तुमच्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी मी काढले. तुमच्या भावजयीने, शालूने, ते अंघोळीच्या बंबात घातले. आईला हेही सांगितले. गाडीत बस म्हटले, तर नको म्हणाली. त्या गाडीत कोणी बसायला नको होते, हे तुमचे वाक्य मी तिला वाचून दाखवलेले नाही.

लोभ मागावा अशी आज माझी मनःस्थिती नाही.

धम्मपाल

*

पुणे,
२० मे १९९९

चि. धम्मपाल यास,
आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. आईचे वय बहात्तर आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत म्हातारी माणसे आपल्याला हवे ते मिसळतात, आणि तिला आबा दारुडे ठरलेले नकोत, हे मी समजू शकतो. पण मी स्वतः पाहिले आहे. पाच फुटांना एक इंच कमी असलेला, गाड्या धुणारा माणूस तो चढ पाच मिनिटे अठरा सेकंदांत चढतो, हे विधान पुराव्याशिवाय मी एखाद्या विद्यार्थ्याकडूनही स्वीकारले नसते. खरे असते तर आबांनी मला सांगितले नसते काय?

तरी एक कसोटी सुचवतो. तिसऱ्या वळणावर चालकाने काय केले, हे तिला विचार. मी घरी ते कधी बोललेलो नाही. तूही पूर्वीच्या पत्रातले तिला सांगितले नसशील तर तिचे उत्तर शब्दशः कळव. तुझ्याकडून काही भर घालू नकोस.

लोभाचा प्रश्न येथे येत नाही.

आकाराम

*

कोल्हापूर,
२५ ऑक्टोबर १९९९

ति. दादा यांस,
जयभीम.

उत्तराला पाच महिने लावले, कारण ते लगेच द्यावे असे वाटले नाही.

मी आईला पत्रातले काही सांगितले नव्हते. तुम्ही विचारायला लावले तसेच विचारले. ती म्हणाली, हात केला की. आकाराम बसलाय हे त्यालाच ठावं, त्यानंच बसवला हुता. घरला येऊन त्या सालात तेवढं एकदाच हसला. म्हणाला, पोरानं मला वळखलं न्हाय.

आबांनी तुम्हांला सांगितले का नाही, तेही विचारले. सुरुवातीला तुम्ही वर्गात बोलून बसाल ही भीती. नियम मोडल्याचा आळ सरनाईकांवर आला नसता, आपल्या माणसावर आला असता, आणि त्या काळात पुढे काय झाले असते ते मी तुम्हांला सांगायला नको. नंतर तुम्ही वसतिगृहात गेलात. मरंपर्यंत तो वाट बघत हुता, म्हणाली. आकारामनं कवाच इचारलं न्हाय.

जानेवारीत इथे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन आहे आणि तुम्ही नाव दिले आहे, हे मला आयोजकांकडून कळले. मी त्यांना भेटलो. पुस्तिकेत गाडीची हकीकत छापणार आहेत; चालक म्हणून आबांचे नाव, धोंडीराम कुरणे, असे छापा म्हणालो. सरनाईकांचा नातू समितीवर आहे. माणूस वाईट नाही. पुरावा आणा, स्वतः छापतो, म्हणाला. बुटक्या माणसाने गाडी चालवल्याची गाडीवर काही खूण? मी म्हणालो, होती. आईचा जबाब चालत नाही. माझ्या पत्रातली मापे चालतात का विचारले; दोन सख्ख्या भावांची पत्रे, म्हणून समितीतले हसले. तेव्हा जयवंतराव सरनाईक हेच नाव छापले जाईल.

तुम्हांला पुरावा हवा होता. मीही तेच मागतो आहे.

धम्मपाल

*

पुणे,
१८ जानेवारी २०००

चि. धम्मपाल यास,
जयभीम.

तू प्रदर्शनाला आला नाहीस. आईही आली नाही. कोणी कळवण्यापूर्वी मीच कळवतो.

गाडीला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी लेखी अभिप्राय दिला आहे: पूर्वीच्या वापराची एकही खूण गाडीवर शिल्लक नाही. यापेक्षा अचूक वाक्य मी आयुष्यात वाचलेले नाही.

विजेत्याने स्वतः गाडी चालवत मैदानाला एक फेरी घालावी, असा रिवाज होता. दोन वर्षे मी तुला पत्रांतून एकेक खिळा सांगितला, पण पूर्ण झाल्याशिवाय बसायचे नाही या हट्टाने त्या गाडीत कधी बसलो नव्हतो. बसलो. सीट पुढे ओढता येईल तितकी ओढली. क्लच पुरता दाबायला गेलो की चवडा निसटत होता. दोनदा गाडी बंद पडली. लोक थांबले होते. माझी उंची तुला ठाऊक आहे. ती कोणाकडून आली हेही. शेवटी सरनाईकांच्या नातवाने मला अदबीने उतरवले आणि फेरी त्याने घातली. उंच मुलगा आहे. टाळ्या झाल्या. कप त्याच्याच हातून घ्यावा लागला.

त्या उचललेल्या हाताला मी अठ्ठावीस वर्षे दोष म्हणत आलो. ज्यांना शिकवले, त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

ते तीन ठोकळे पुन्हा कर. तो पुरावा होणार नाही, हे मला कळते. परीक्षक पुढच्या वर्षी गाडी बाद करतील, तेही कळते. बाभळीचेच कर. कडा आईकडून घासून घे; तिने नाही म्हटले तर तशाच राहू देत. मापांसाठी तुझे ३ डिसेंबरचे पत्र फाइलमधून काढले. त्या ओळींवर मी लाल शाईने ‘अनावश्यक’ असे लिहून ठेवले आहे. शब्दाखालचे अंक वाचता येतात. सोबत उतरवून पाठवतो.

लोभ असावा, असे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ते आईला विचारून कळव.

आकाराम