डावीकडचं भूत

प्रिय चिआकी,

हास्साकुची पेटी पोचली ना? यंदा ही संत्री जरा आंबट आहेत, पण कुरकुर न करता खा. कुवाबाराबाईंनी एकेक निवडून भरली आहेत.

तू वाढदिवसाला पाठवलेला भुतांचा गेम मी खरंच खेळते आहे. लहानपणी तू त्याचा पहिला भाग खेळायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बंद कर ते मढ्यांचं, भात गार होतोय!" आता अकरावा भाग आला म्हणे, आणि बहात्तराव्या वर्षी मढ्यांशी लढतेय मी. बाबा असते तर पोट धरून हसले असते. ते गेल्यापासून दुपार सरता सरत नव्हती, ती आता पुरत नाही. तुझे उपकारच आहेत, पोरी.

जेवणं झाली की खालच्या गल्लीतल्या कुवाबाराबाई विणकाम घेऊन येतात. त्यांना खेळायचं नसतं, फक्त किंचाळायचं असतं. गेममधल्या बेटावरच्या ओसाड इस्पितळात मी बॅटरी घेऊन फिरते आणि दर वेळी चावा बसतो तो डावीकडून. मी गेमला शिव्या घालायचे, "मेला खोटारडा आहे, न दाखवताच चावतो." एकदा बाईंनी सुया खाली ठेवल्या. "अहो सुमिएबाई, डोळे आहेत का खाचा? केव्हाचं उभं आहे ते डावीकडे!" मी म्हटलं, "कुठे?" त्यांनी विणकाम तसंच पिशवीत कोंबलं. ओळ अर्धी सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी माझा हात धरून त्यांनी मला आपल्या दगडी पायऱ्या उतरवल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डावीकडचं बरंच गेलं आहे, ते परत येत नाही. उरलंय ते ऑपरेशनने वाचेल. आणखी वर्षभर कळलं नसतं तर काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पायऱ्यांवर दोनदा पडले तेव्हा मी चपलांना दोष देत होते. तुझ्या त्या भुताने माझे डोळे वाचवले, चिआकी. रोज देवापुढे धूप लावताना मी त्याचेही आभार मानते.

याला दोन महिने झाले. रविवारी तुझा फोन आला की मी आपली "मजेत आहे" म्हणत राहिले. नवी नोकरी, इतकं लांब सेंदाई, कशाला पोरीला तोशीस? आपल्याकडे सगळ्याच आया असंच करतात आणि त्याला शहाणपण म्हणतात.

गेल्या आठवड्यात शेवटच्या राक्षसाने मला मारलं. मेल्यावर पडद्यावर पिशवी दिसली. आत नऊ औषधं जशीच्या तशी. कठीण वेळ येईल म्हणून जपून ठेवली होती. कुवाबाराबाई म्हणाल्या, "कुणासाठी राखली होतीत, पुढच्या जन्मासाठी?" मी खूप हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. तुला मारायची हाकही मी अशीच जपून ठेवली होती.

ऑपरेशन चौदा तारखेला आहे. इस्पितळाच्या कागदावर जवळच्या माणसाच्या रकान्यात मी कुवाबाराबाईंचं नाव घातलं होतं. काल ते खोडून तुझं लिहिलं. बाई रागावल्या नाहीत, "उशिरा का होईना, अक्कल आली," म्हणाल्या. फोनवर माझ्या तोंडून पुन्हा "मजेत आहे" निघालं असतं, म्हणून हे पत्र. मी मजेत नाही. मला भीती वाटते आहे. तू ये. आणि आलीस की माझ्या डावीकडे बस.

तुझीच,
आई