शेगडीवर टांगलेलं बी

१८ ऑक्टोबर २००३, महाळुंगे पडवळ
कांद्याचं रोप उगवलंच नाही. वाफे नुसते ओले. बी मी टाकलं होतं, म्हणून सासूबाईंनी सगळ्या आळीला ऐकवलं — "वांझ हातानं बी टाकलं, मंग उगवंल कसं?" सासरे मान खाली घालून बसले. भरतही. लग्नाला आठ वर्षं झाली, नवऱ्याला माझ्या बाजूने एक वाक्य सुचू नये!

२० ऑक्टोबर
मंचरला बारावीच्या पोरांना पेशी शिकवायची आणि घरी येऊन अपशकुनी ठरायचं. पुरे झालं. पुरचुंडीत उरलेलं चिमूटभर बी कॉलेजात नेतेय. शेजारच्या लंकाबाईंकडूनही थोडं मागून घेतलं. त्यांचं रोप बोटभर वर आलंय.

२१ ऑक्टोबर
बी भिजवून चिरलं, टेट्राझोलियमच्या बिनरंगी पाण्यात ठेवलं. जिवंत पेशीतल्या तंतुकणिका अन्नाचं ऑक्सिडीकरण करतात. त्यातून सुटलेला हायड्रोजन या क्षाराला मिळाला की त्याचं क्षपण होतं, तो लाल होतो. मेलेल्या बियात हे काहीच घडत नाही.
लंकाबाईंचं लालभडक. आमचं पांढरंफटक.
बरं वाटलं. मेलेलं बी बघून बरं वाटावं, ही माझी गत!

२२ ऑक्टोबर
बियांच्या दोन्ही बश्या घरी आणल्या. सासऱ्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि एकदम वर आढ्याकडे बघितलं. बियाची पुरचुंडी दरवर्षी चुलीवर टांगायची, धुराने कोरडी राहायची. यंदा गॅस आला, चूल पडवीत गेली. पुरचुंडी मात्र सवयीने जुन्याच जागी, शेगडीवर. पावसाळाभर भाताची वाफ खात राहिली. टांगली होती सासूबाईंनीच.
"बीच मेल्यालं, तर जमिनीला कशापायी बोल लावायचा?" सासरे म्हणाले.
सासूबाई उठून भांडी घासायला गेल्या. चुकलं म्हणाल्या असत्या तर जीभ झडली असती का?

२४ ऑक्टोबर
सासऱ्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. पुण्याच्या डॉक्टरीणबाई केव्हापासून सांगताहेत — तुमच्यात दोष नाही, मिस्टरांना आणा. मी भरतचा मान राखला, त्याला कधी म्हटलं नाही. एकटीने गोळ्या खाल्ल्या, उपास केले, टोमणे गिळले.

२५ ऑक्टोबर
सकाळी चहा देताना भरतला म्हटलंच, "आता तुम्ही तपासणी करून घ्या."
कपात बघत म्हणाला, "केलीये. तीन वर्षं झाली. आईला म्हाईत हाय."